लिहिणाऱ्याने लिहायला नकार देऊ नये

एखादी मुस्लिम मुलगी सीए करते आहे असे कळले की लोक तिला जे प्रश्न विचारतात ते बहुतेक घड्याळाचे असतात. नमाजसाठी वेळ मिळतो का, रमजानमध्ये ऑडिटला कशी जातेस, बाहेरगावी मुक्काम पडला तर घरचे पाठवतात का, हिजाब पाहून क्लायंट काही म्हणत नाहीत का. विचारणाऱ्यांच्या मनात बहुधा काळजीच असते आणि उत्तरेही फारशी अवघड नाहीत. पाच नमाजांपैकी पहाटेची फजर आणि रात्रीची इशा घरीच होतात. दुपारची जोहर जेवणाच्या सुट्टीत बसते. त्यानंतरच्या असरला चहाच्या एका फेरीपेक्षा कमी वेळ लागतो, आणि आमच्या कार्यालयात चहाच्या फेऱ्या किती होतात हे ज्याने पाहिले आहे तो नमाजमुळे काम खोळंबते असे म्हणणार नाही. सूर्यास्तानंतरच्या मगरिबची वेळ तेवढी आखूड असते, पण संध्याकाळी त्यापुरते उठून जाण्याला आजवर कोणी हरकत घेतलेली नाही. दूरच्या प्रवासात असताना चार रकातींच्या (आवर्तनांच्या) फर्ज, म्हणजे बंधनकारक, नमाजा दोन रकातींच्या करण्याची मुभा तर धर्मानेच दिली आहे. थोडक्यात, वेळेचा प्रश्न सुटतो. तो सोडवण्यात आमच्या आधीच्या पिढ्यांनी पुरेसा अनुभव गाठीशी बांधून ठेवला आहे.

माझी अडचण वेगळी आहे आणि ती मला सहसा कोणी विचारत नाही. मी दिवसभर जे काम करते त्याच्या मध्यभागी व्याज आहे. सीएच्या पहिल्या, फाउंडेशनच्या परीक्षेच्या गणितात पहिल्यांदा चक्रवाढ व्याज भेटते, पुढे लेखा मानक 16 मध्ये कर्जावरचे व्याज मालमत्तेच्या किमतीत केव्हा मिळवायचे आणि केव्हा थेट खर्ची टाकायचे ते शिकावे लागते, आणि फायनलला पोहोचेपर्यंत भविष्यात मिळणाऱ्या कोणत्याही रकमेची आजची किंमत व्याजदराशिवाय काढता येत नाही हे इतके अंगवळणी पडते की त्यात काही विचार करण्यासारखे आहे हेच विसरायला होते. मला ते विसरता आले नाही, कारण सहीह मुस्लिम या संग्रहातली एक हदीस, म्हणजे पैगंबरांच्या वचनांची नोंद, लहानपणापासून कानावर होती. व्याज खाणारा, व्याज देणारा, ते लिहिणारा आणि त्याचे दोन साक्षीदार या सर्वांचा पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी धिक्कार केला आणि ते सगळे सारखेच आहेत असे म्हटले, असा तिचा आशय आहे. खाणारा आणि देणारा हे माझ्यासाठी दूरचे लोक होते. लिहिणारा मात्र मी होणार होते, आणि त्यासाठी वर्षानुवर्षे अभ्यास करून, प्रत्येक पेपरात किमान 40 आणि पेपरांच्या प्रत्येक ग्रुपमध्ये एकूण 50 टक्के गुण मिळवून, रीतसर सनद घेणार होते.

आता याच धर्माची दुसरी बाजू. कुरआनातली सर्वांत लांब आयत, म्हणजे वचन, नमाजबद्दल नाही, रोज्याबद्दल नाही, स्वर्ग-नरकाबद्दलही नाही. सूरह (अध्याय) अल-बकराची 282 वी आयत ही ती सर्वांत लांब आयत, आणि ती उधारीची नोंद कशी ठेवावी याबद्दल आहे. मुदतीच्या उधारीचा व्यवहार करत असाल तर तो लिहून ठेवा; लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे; अल्लाहने त्याला लिहायला शिकवले आहे, तेव्हा त्याने लिहायला नकार देऊ नये; रक्कम लहान असो वा मोठी, मुदतीसह लिहून ठेवण्याचा कंटाळा करू नये; आणि लिहिणाऱ्याला किंवा साक्षीदाराला कोणी त्रास देऊ नये. (याच आयतीतल्या स्त्री साक्षीदारांच्या संख्येवरून जो वाद होतो तो मला ठाऊक आहे. त्याच्यासाठी स्वतंत्र लेख लागेल.) व्याजाला मनाई करणाऱ्या आयती हिच्या अगदी आधी, 275 पासून सुरू होतात. म्हणजे एकाच सूरहमध्ये, एकापाठोपाठ, व्याज सोडा असेही सांगितले आहे आणि देण्याघेण्याचा हिशेब काटेकोर लिहा असेही. लिहिणाऱ्याचा हात एका ठिकाणी धिक्काराला पात्र ठरतो आणि दुसऱ्या ठिकाणी त्याला नकार देण्याचाही हक्क उरत नाही. माझ्या पेशाचा आणि माझ्या श्रद्धेचा जो काही झगडा आहे तो या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत आहे. नमाजच्या वेळापत्रकात तो नाही.

आम्ही सेलूचे. परभणी जिल्ह्यातले, मनमाडहून परभणी-नांदेडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचे, कापसाच्या बाजारासाठी ओळखले जाणारे हे गाव. अब्बांचे मणियारीचे दुकान आहे आणि आठवडी बाजारांतही ते बांगड्यांचे गाठोडे घेऊन जातात. गावाकडच्या बायका बांगड्या भरतात आणि पैसे सुगीला देतात, ही पद्धत माझ्या आजोबांच्या काळापासून चालत आली आहे. अब्बांच्या वहीत नावापुढे गाव, रक्कम आणि 'कापूस निघाल्यावर' किंवा 'सोयाबीन विकल्यावर' एवढीच मुदत असते. व्याज नसते. उशीर झाला म्हणून त्यांनी रक्कम वाढवल्याचे मी पाहिलेले नाही. ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी त्या वहीची काही पाने तशीच राहतात आणि पुढच्या वर्षीच्या वहीत उतरवली जातात. पुढे लेखाशास्त्रात बुडीत कर्जाच्या तरतुदीबद्दल वाचताना मला जाणवले की अब्बा ही तरतूद मनात करत होते, फक्त वहीत दाखवत नव्हते. मात्र त्यांचा व्यवहार कितीही स्वच्छ असला तरी तो एका मर्यादेपलीकडे वाढला नाही आणि वाढणेही शक्य नव्हते, हेही मला दिसते. बिनव्याजी उधारी देणाऱ्या माणसाला स्वतःसाठी बिनव्याजी भांडवल कुठेच मिळत नसेल, तर त्याची सचोटी त्याला लहानच ठेवते.

मी सीएकडे वळले त्याचे कारणही यातच आहे. बारावीला गुण चांगले होते आणि घराण्यातल्या एका शिक्षक मामूंनी लातूरला पाठवून नीटची तयारी करून घ्यावी असे सुचवले होते. मराठवाड्यात हुशार मुलाचा रस्ता लातूरहून जातो हे सगळ्यांनीच गृहीत धरलेले असते. पण क्लास, वसतिगृह आणि शासकीय महाविद्यालयात जागा न मिळाल्यास खासगीची फी, हा हिशेब शैक्षणिक कर्जावर येऊन थांबत होता आणि अब्बांना कर्ज नको होते. अल्पसंख्याकांसाठी राज्य सरकारने मौलाना आझाद यांच्या नावाचे आर्थिक विकास महामंडळ स्थापन केले आहे, तेही शैक्षणिक कर्ज देते. पण ते अल्प व्याजाने देते. कमी का असेना, व्याज ते व्याजच, आणि ज्या समाजासाठी योजना आहे त्यातला काही वर्ग नेमका याच कारणाने तिच्यापासून दूर राहतो, ही गंमत योजना आखणाऱ्यांना कोणी सांगितली असेल का, असे मला नेहमी वाटते. सीएची फी त्या तुलनेत फार कमी होती, बरेचसे घरी बसून वाचता येत होते आणि आर्टिकलशिपमध्ये, म्हणजे सीएच्या हाताखालच्या उमेदवारीत, थोडे विद्यावेतनही मिळते. अशा रीतीने व्याज टाळण्यासाठी मी जो अभ्यासक्रम निवडला, त्याने मला व्याजाच्याच पुढ्यात नेऊन बसवले.

2023 चा रमजान 24 मार्चला सुरू झाला आणि एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालला. बँकांच्या शाखांचे वैधानिक लेखापरीक्षण नेमके याच काळात, म्हणजे 31 मार्चचे वर्ष बंद झाल्यावर एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात होते. मी ज्यांच्या हाताखाली आर्टिकलशिप करत होते त्या सीए सरांकडे ग्रामीण भागातली एक शाखा होती. औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, इथून आम्ही दोघे-तिघे आर्टिकल त्या शाखेत बसलो होतो. मराठवाड्यातला एप्रिल आणि रोजा यांचे वर्णन मी करणार नाही; ज्यांनी अनुभवले आहे त्यांना ते नको आणि इतरांना त्यात उगीच शौर्य दिसते. दुपारनंतर आकडे वाचताना ओळ चुकते, म्हणून मोठी खाती मी सकाळी तपासत असे, एवढी व्यवस्था पुरली.

त्या शाखेत मी जे केले ते सांगायला हवे, कारण 'बँकेत काम म्हणजे व्याजाचे काम' या वाक्यात ते मावत नाही. कर्जावरचे व्याज किंवा हप्ता 90 दिवसांहून अधिक थकला की ते खाते अनुत्पादक ठरते. पीक कर्जाला नियम वेगळा आहे: अल्प मुदतीच्या पिकांसाठी दोन हंगाम आणि दीर्घ मुदतीच्या पिकांसाठी एक हंगाम थकबाकी राहिली तर. खाते अनुत्पादक झाले की त्यावर आकारलेले पण वसूल न झालेले व्याज बँकेला उत्पन्न म्हणून दाखवता येत नाही. आधी दाखवले असेल तर उलट नोंद करून ते उत्पन्नातून काढावे लागते. हे वर्गीकरण आता बहुतांशी संगणक करतो, पण संगणकाला जे दिसत नाही ते शोधणे हे आमचे काम. आमच्या भागात ज्याला 'नवे-जुने करणे' म्हणतात तो प्रकार त्यातलाच. शेतकऱ्याने मार्चअखेर जुने कर्ज भरल्याचे दाखवायचे आणि दोन-चार दिवसांत तेवढेच किंवा त्याहून थोडे जास्त नवे उचलायचे. मधल्या दोन-चार दिवसांसाठी तो रक्कम आणतो कुठून, तर गावातल्या सावकाराकडून किंवा आडत्याकडून, आणि त्या चार दिवसांचा दर बँकेच्या वर्षभराच्या दराला लाजवील असा असतो. खाते कागदावर निरोगी दिसते, शाखेची वसुली चांगली दिसते, शेतकऱ्याला मुदतीत परतफेडीची व्याज सवलतही मिळते आणि प्रत्यक्षात त्याच्या डोक्यावरचे ओझे वाढलेले असते.

अशी खाती वेगळी काढून, भरण्याच्या आणि उचलीच्या तारखा समोरासमोर मांडून, सरांपुढे ठेवणे हे त्या दिवसांतले माझे काम होते. काही खात्यांवरचे व्याज उत्पन्नातून वगळण्याची दुरुस्ती आमच्या निवेदनात गेली. शाखाधिकारी नाराज झाले, ते स्वाभाविक होते. मला मात्र त्या संध्याकाळी इफ्तारनंतर विचार करताना लक्षात आले की त्या पंधरवड्यात मी व्याज लिहिले त्यापेक्षा अधिक पुसले होते. ही पळवाट आहे हे मला कळत होते. उत्पन्नातून वगळले म्हणजे शेतकऱ्याला माफ झाले असे नव्हे. बँकेचा त्याच्यावरचा दावा तसाच राहतो. पण त्या कामाचा गाभा व्याज मिळवणे हा नव्हता, खोटे निरोगीपण नाकारणे हा होता, आणि याबाबत माझ्या मनात आजही संदेह नाही.

त्याच कागदपत्रांत आणखी एक गोष्ट मला टोचत राहिली. 282 व्या आयतीत असे म्हटले आहे की ज्याच्यावर देणे आहे त्याने मजकूर सांगावा आणि लिहिणाऱ्याने तो लिहावा; तो दुबळा असेल किंवा त्याला सांगता येत नसेल तर त्याच्या वतीने पालकाने न्यायाने सांगावा. म्हणजे कर्जाचा दस्तऐवज कर्जदाराच्या तोंडून उतरतो. शाखेतल्या कर्जाच्या फायलींत छापील इंग्रजी मजकुराची जाड चळत, ठरावीक ठिकाणी पेन्सिलीने केलेल्या फुल्या आणि त्या फुल्यांवर सह्या किंवा अंगठे. कर्जदाराने काय सांगितले याला त्यात जागाच नाही. याच्या दोनच आयती आधी, 280 व्या आयतीत, देणेकरी अडचणीत असेल तर त्याला ऐपत येईपर्यंत मुदत द्यावी आणि सोडून दिले तर ते अधिक चांगले, असे सांगितले आहे. आधुनिक व्यवस्थेत याच्याशी थोडे नाते सांगणारी तरतूद आहे, नाही असे नाही: पैसेवारी, म्हणजे पिकाच्या उताऱ्याचा सरकारी अंदाज, 50 पैशांच्या खाली जाहीर झाली की पीक कर्जाचे पुनर्गठन होऊ शकते. पण ती मुदत माणसाची अडचण पाहून मिळत नाही, गावाचा आकडा पाहून मिळते, आणि मुदतीबरोबर व्याजाचा मीटरही पुढे चालू राहतो.

मी या सगळ्याबद्दल जाणकारांना विचारले. एका मुफ्तीसाहेबांनी हदीस सांगितली आणि बँकेशी संबंधित काम शक्यतो टाळावे असा सल्ला दिला. दुसऱ्या एका आलिमांनी (धर्मपंडितांनी) असे सांगितले की हदीसमधला लिहिणारा म्हणजे तो करार करून देणारा, त्या व्यवहाराचा भागीदार. जो नंतर येऊन झालेल्या नोंदी खऱ्या की खोट्या ते तपासतो तो वेगळा. दोन्ही मते विद्वानांत आहेत. मला दुसरे मत सोयीचे होते आणि नेमक्या त्याच कारणाने मी त्याच्याकडे संशयाने पाहिले. लेखापरीक्षणात आम्हाला व्यावसायिक संशयवृत्ती शिकवतात: व्यवस्थापनाने दिलेले स्पष्टीकरण त्याच्या सोयीचे असेल तर पुरावा अधिक मागा. स्वतःच्या आवडीच्या फतव्यालाही तोच नियम लावायला हवा असे मला वाटते. जो मुफ्ती आपल्याला हवे ते उत्तर देईल त्याच्याकडे जाणे आणि जो लेखापरीक्षक हवा तो अहवाल देईल त्याला नेमणे, यात मला फारसा फरक दिसत नाही.

बऱ्याच विचारानंतर मी एक रेघ आखली. झालेल्या व्यवहाराची तपासणी करायची; व्याजाचा व्यवहार जुळवून द्यायचा नाही. ऐकायला ही रेघ सोपी वाटते. लहान गावातल्या सीएच्या कार्यालयाची मिळकत कशी होते हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनाच तिची किंमत कळेल. जिनिंगवाला, कृषी सेवा केंद्रवाला, ट्रॅक्टरचा विक्रेता, सगळे दारात येतात ते कॅश क्रेडिटची, म्हणजे बँकेच्या खेळत्या कर्जाची, मर्यादा वाढवून घ्यायला, आणि त्यासाठी लागणारा प्रकल्प अहवाल आणि सीएमए डेटा (कर्जासाठी बँकेला द्यायची आकडेवारी) बनवणे ही लहान गावातल्या कार्यालयाची मोठी कमाई. त्यात पुढच्या वर्षांची विक्री अंदाजाने मांडायची असते आणि अंदाज नेहमी बँकेला हवा तेवढाच निघतो. मला हे काम करायचे नाही, निम्मे श्रद्धेमुळे आणि निम्मे त्या अंदाजांमुळे. आमच्या सरांना मी हे सांगितले तेव्हा ते रागावले नाहीत. ते म्हणाले, "मग सेलूत ऑफिस कशावर चालवणार आहेस ते कागदावर मांडून आण."

इथे महत्त्वाकांक्षेचा भाग येतो. मला रँक हवी होती, आजही हवी आहे. सेलूच्या मुख्य रस्त्यावर स्वतःच्या नावाची पाटी हवी आहे. आमच्याकडे मुलांना महत्त्वाकांक्षा शिकवताना जालना जिल्ह्यातल्या शेलगावच्या अन्सार शेख यांचे उदाहरण दिले जाते. 2015 च्या केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत त्यांनी वयाच्या 21 व्या वर्षी 361 वा क्रमांक मिळवला आणि त्यानंतर मराठवाड्यातल्या कोणत्याही मुस्लिम मोहल्ल्यातला सत्कार त्यांच्या उल्लेखाशिवाय पार पडला नसेल. पुण्यात राहायला जागा मिळेना म्हणून आपल्याला मित्राचे हिंदू नाव सांगावे लागले, असेही त्यांनीच सांगितले आहे. सत्कारात हा भाग सहसा वगळतात. मीही शहरात खोली शोधताना नाव सांगितल्यावर 'कळवतो' असे ऐकले आहे. त्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही, ते सर्वांना ठाऊक आहे.

सत्काराच्या भाषणांत आणखी एक नाव हमखास येते ते पैगंबरांच्या पहिल्या पत्नी हजरत खदिजा यांचे. त्या मक्केतल्या मोठ्या व्यापारी होत्या, खुद्द पैगंबर लग्नाआधी त्यांचा माल घेऊन सीरियाकडे गेले होते, तेव्हा मुलींनी शिकावे आणि कमवावे, असे व्यासपीठावरून सांगितले जाते. टाळ्या मीही वाजवते. मात्र या वक्त्यांच्या घरून आलेल्या स्थळांची पहिली अट मुलीने लग्नानंतर बाहेरगावी ऑडिटला जाऊ नये ही असते. हा श्रद्धेचा अडथळा नाही, रिवाजाचा आहे, आणि दोघांना एकच समजण्याची चूक बाहेरचे लोक जेवढी करतात तेवढीच आमचे लोकही करतात. अम्मी या बाबतीत माझ्याहून स्पष्ट आहे. एका स्थळाला तिने सरळ सांगितले, "लडकी के पेपर होने दो, फिर बात करेंगे," आणि चहाचे कप उचलले.

महत्त्वाकांक्षेच्या समर्थनासाठी कुरआनातली सर्वाधिक वापरली जाणारी आयत सूरह अल-कससमधली 77 वी आहे: परलोकाचे घर शोध, पण या जगातला तुझा वाटाही विसरू नकोस. करिअर मार्गदर्शनाच्या शिबिरांत ती इतकी येते की एखाद्या घोषवाक्यासारखी गुळगुळीत झाली आहे. ती कोणाला उद्देशून आहे ते मात्र शिबिरात सांगत नाहीत. ती कारूनला उद्देशून आहे, ज्याच्या खजिन्याच्या किल्ल्याच बलदंड माणसांच्या टोळीला उचलायला जड जात होत्या. आणि त्याचे उत्तर लगेच पुढच्या आयतीत आहे: हे सारे मला माझ्याजवळच्या ज्ञानामुळे मिळाले आहे. मला हे वाक्य श्रीमंतीबद्दलच्या कोणत्याही इशाऱ्यापेक्षा जास्त घाबरवते, कारण ते वाक्य स्पर्धा परीक्षेत यशस्वी झालेल्या प्रत्येकाच्या मुलाखतीत असते, आणि पहिला ग्रुप सुटला त्या दिवशी माझ्याही मनात होते. आमच्या वर्गातली जी मुलगी माझ्याहून बरे गणित करायची तिचे दहावीनंतर लग्न झाले. मला अब्बा मिळाले जे आठवडी बाजाराच्या कमाईतून पुस्तके आणत राहिले. यात माझे ज्ञान कुठून आले? रँकची इच्छा धर्मात बसते की नाही हा प्रश्न मला त्यामुळे दुय्यम वाटतो. ती मिळाल्यावर आपण तिचा हिशेब कोणाच्या नावे लिहितो हा मोठा प्रश्न आहे.

या पेशात माझ्या श्रद्धेला परके वाटावे असे फार काही नाही, हेही नोंदवते. सीए संस्थेचे बोधवाक्य कठोपनिषदातले आहे, 'य एष सुप्तेषु जागर्ति': सगळे झोपलेले असताना जो जागा असतो तो. फजरच्या अजानमध्ये नमाज झोपेपेक्षा उत्तम आहे असे पुकारले जाते. परीक्षेच्या महिन्यांत मी पहाटे सहेरीच्या वेळी उठून फजरनंतर वाचायला बसते तेव्हा पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचे ते बोधवाक्य समोर असते, आणि मला ते आपलेच वाटत आले आहे. इमाम अबू हनीफा, ज्यांच्या फिक्हनुसार (धर्मनियमांच्या मांडणीनुसार) आमच्याकडचे बहुतेक मुसलमान वागतात, ते कूफ्याचे रेशमाचे व्यापारी होते. त्यांच्या भागीदाराने दोष न सांगता कापड विकले तेव्हा त्यांनी त्या विक्रीची सगळी रक्कम दान करून टाकली अशी हकीकत सांगितली जाते. दोष उघड करणे हेच तर लेखापरीक्षकाचे काम.

ज्यांना माझी ओढाताण कळते ते दोन उपाय सुचवतात. पहिला आखाताचा. बहारीनमध्ये 1991 पासून इस्लामी वित्तसंस्थांच्या लेखांकनाची आणि लेखापरीक्षणाची मानके बनवणारी आयोफी ही संस्था आहे, तिच्या परीक्षा आहेत, त्या क्षेत्रात नोकऱ्या आहेत. इथे रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये इस्लामी बँकिंगचा विचार पुढे न नेण्याचे ठरवले, तेव्हा इथे थांबून काय करणार? मी त्या मानकांचे थोडे वाचन केले. त्यात मोलाचे बरेच आहे. पण तिथेही वस्तू विकत घेऊन नफ्याने पुन्हा विकण्याच्या करारात नफ्याचा दर पुष्कळदा बाजारातल्या व्याजदराकडे पाहूनच ठरतो, आणि सेलूच्या बांगड्यांच्या वहीला त्याचा काही उपयोग नाही. दुसरा उपाय मानायचे सोडून देण्याचा. तो सुचवणारे एक चाचा व्याजाला हराम म्हणतात आणि त्यांच्या दारातला ट्रॅक्टर फायनान्सवर आहे. 'जमाना ऐसाच है' एवढे त्यांचे स्पष्टीकरण. मी त्यांना दोष देत नाही. शेतीला ट्रॅक्टर लागतो. पण जगाचा नाइलाज आणि माझी निवड यांची नोंद एकाच खात्यात करायला मन तयार होत नाही.

विद्यावेतन ज्या बचत खात्यात येते त्यावर दर तिमाहीला व्याज जमा होते. ती रक्कम मी वेगळी काढून गरजूंना देते आणि पुण्याची अपेक्षा धरत नाही, कारण जे आपले नव्हतेच ते दिल्याचे पुण्य कसले. रक्कम एवढी किरकोळ असते की हे लिहितानाही संकोच वाटतो. हिशेबाची सवय मात्र तिने लावली.

सरांनी सांगितलेला कागद मी आता मांडला आहे. जीएसटीची विवरणपत्रे, आयकर, करकायद्याखालची व्यापाऱ्यांची लेखापरीक्षणे, आणि ज्याच्याकडे कोणी पाहत नाही असे एक क्षेत्र: मशिदी, मदरसे, दर्गे, कब्रस्ताने, लहान शिक्षणसंस्था यांचे हिशेब. वक्फ, म्हणजे धर्मादाय मालमत्ता, सांभाळणाऱ्या राज्य वक्फ मंडळाचे मुख्यालय आमच्याच औरंगाबादेत, पाणचक्कीला आहे आणि मराठवाड्यात वक्फच्या जमिनी पुष्कळ आहेत, पण गावपातळीवरच्या कित्येक कमिट्यांचे जमाखर्च अजून चिठोऱ्यांवर आणि कोणाच्या तरी आठवणीत असतात. माझ्या कामात हराम किती आणि हलाल किती हे मोजणाऱ्या एका कमिटीच्या सदस्यांना मी त्यांची वर्षाची पावतीपुस्तके मागितली, तेव्हा ती सापडेपर्यंत बराच वेळ गेला. कुरआनातली सर्वांत लांब आयत त्यांना पाठ होती. हे काम फीच्या दृष्टीने हलके आहे, वसुलीच्या दृष्टीने त्याहून हलके असेल, आणि त्यातून लोकांशी वाकडेपणा येईल तो वेगळाच. अब्बांना कागद दाखवला तर त्यांनी सीएमएच्या रकान्यातले शून्य बराच वेळ पाहिले आणि दुकानाच्या वरची खोली भाड्याशिवाय मिळेल असे सांगून भाड्याच्या रकान्यातही एक शून्य लिहायला लावले.

दुसरा ग्रुप अजून बाकी आहे. तो सुटला तर पहिली दोन वर्षे सेलूत या कामांवर भागते का ते पाहायचे असे ठरले आहे. भागले नाही तर शहरात नोकरी करावी लागेल, आणि मुलाखतीत पगाराच्या आधी मला हेच विचारावे लागेल की तुम्ही मला कोणत्या विभागात बसवणार आहात.